भिंत वरची की खालची?

ताईच्या जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरला, तेव्हा तिनं आधी त्याच्या कोपऱ्यांवर वजनं ठेवली. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, माझा मोबाइल, आणि चौथ्या कोपऱ्यावर तिचं स्वतःचं कोपर. ए-वन आकाराचा कागद नळी करून आणला की तो परत नळी व्हायलाच बघतो. ताई पुण्यात तीसेक वर्षं आरसीसी डिझाइन करते: बीम, कॉलम, स्लॅब आणि त्यांच्या पोटातलं लोखंड. मी अमेरिकेतल्या लाकडी घरांची ड्रॉइंग करणाऱ्या एका ऑफिसात आहे. तिकडची माणसं झोपतात तेव्हा आम्ही काम करतो, आमचा सगळा धंदा एवढ्यावर उभा आहे. टेबलावरचा कागद होता दुसऱ्या मजल्याचा फ्लोअर फ्रेमिंग प्लॅन. त्यांचा दुसरा मजला म्हणजे आपला पहिला, हेही ताईला दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

ताई : हा फ्रेमिंग प्लॅन आहे की वीटकामाचा? आधी भिंतीच डोळ्यांत घुसतात. बीम कुठं आहेत?

मी : जाड तुटक रेघा दिसतात ना, ते बीम. आणि या बारीक, शेजारी शेजारी आखलेल्या रेघा म्हणजे जॉइस्ट.

ताई : जॉइस्ट म्हणजे आपल्या कड्याच की.

मी : कड्याच. आजोळच्या माडीवर कडीपाट होता, तसाच. फक्त पाटाऐवजी प्लायवूड. दर सोळा इंचांवर एक कडी. प्लायची शीट आठ फुटी, म्हणजे शहाण्णव इंच, त्यात सोळाचे सहा गाळे बरोबर बसतात.

ताई : मग कड्या दाखव, तुळया दाखव. भिंती एवढ्या काळ्या करायचं कारण काय? आमच्याकडे आर्किटेक्टची फाइल मागे एक्सरेफ म्हणून लावतो आणि फिकी करून टाकतो. फ्रेमिंग प्लॅन हा सांगाड्याचा फोटो असतो. एक्स-रे काढताना कोणी माणसाला शालजोडी पांघरवत नाही.

ही तिची जुनी उपमा. ऑफिसात नवीन मुलं लागली की त्यांनाही हीच ऐकवते.

मी : तुझ्या इमारतीत भिंत शालजोडी असते, ताई. माझ्या घरात ती हाड आहे.

ताई : म्हणजे?

मी : तुझी भिंत पाडली तर काय होतं?

ताई : काही नाही. शेजारी तक्रार करतात. फ्लॅट घेणारे आधी भिंत पाडतात, मग गृहप्रवेश करतात. म्हणून तर ती फिकी दाखवायची. आज आहे, उद्या नाही.

मी : आणि तुझ्या हिशेबात ती कशी येते?

ताई : वजन म्हणून. नऊ इंची विटांची भिंत, खालचा बीम वजा करून अडीच-पावणेतीन मीटर उंच, दोन्ही बाजूंना प्लास्टर. मीटरला बारा-तेरा किलोन्यूटन धरायचे. सव्वा टन म्हण. सहा इंचीला नऊच्या आसपास, आणि एएसी ब्लॉकची असली तर त्याच्याही निम्म्याखाली. बीमच्या डोक्यावर तेवढं ओझं ठेवलं की भिंतीशी माझा संबंध संपला.

मी : मग माझ्याकडची भिंत ऐक. दोन बाय चारचे उभे खुंट, त्यांना स्टड म्हणतात, तेही सोळा इंचांवर. वर आडवी दुहेरी पट्टी. कडीचं टोक त्या पट्टीवर टेकतं. कॉलम नाही, आरसीसीचा बीम नाही. भिंत हाच आधार. ती काढली तर वरची माडी खालच्या दिवाणखान्यात येऊन बसेल.

ताई : पण सगळ्या भिंती तशा नसणार.

मी : नसतातच. म्हणून तर भांडण आहे.

ताईनं चष्मा खाली घेतला आणि कागदाच्या मधोमध गेलेल्या एका भिंतीवर बोट ठेवलं.

ताई : ही आधाराची?

मी : ही आधाराची. डावीकडच्या कड्या इथं संपतात, उजवीकडच्या इथून सुरू होतात, दोन्ही हिच्यावर एकमेकींना खेटून.

ताई : आणि ही, बाजूची?

मी : ती वरच्या मजल्यावरची. कपाटाची.

ताई : म्हणजे एक भिंत या मजल्याच्या खाली आहे आणि दुसरी या मजल्याच्या वर, आणि तू दोन्ही एकाच शाईत काढल्यास?

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. खरं तर सगळ्या प्रश्नाचं मूळ इथंच होतं आणि ते तिनं एका मिनिटात पकडलं. मला ऑफिसात ते समजायला एक अख्खं घर वाया घालवावं लागलं होतं.

फ्लोअर फ्रेमिंग प्लॅन हा मोठा विचित्र कागद आहे. साधा प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून चारेक फुटांवर सुरीनं आडवं कापायचं आणि वरून खाली बघायचं. कापलेल्या भिंती काळ्या दिसतात, खालचा ओटा, कमोड, पायऱ्या बारीक रेघांत. फ्रेमिंग प्लॅनमध्ये मात्र नायक आहे खुद्द जमीन, म्हणजे तिच्या पोटातल्या कड्या. त्यांना आधार देणाऱ्या भिंती जमिनीच्या खाली. त्यांच्यावर वजन टाकणाऱ्या भिंती जमिनीच्या वर. एकच सुरी दोन्हीकडे फिरवता येत नाही. आणि रेव्हिटसारखं सॉफ्टवेअर तर सुरीशिवाय दुसरं काही जाणत नाही.

मी : रेव्हिटमध्ये नेमकं उलटं होतं बघ. सुरी मजल्याच्या वर चार फुटांवर असते. त्यामुळे वरच्या मजल्याच्या भिंती ठसठशीत काळ्या उमटतात, ज्यांच्यावर एकही कडी टेकलेली नाही. आणि ज्यांच्यावर सगळं घर टेकलंय त्या खालच्या भिंती अंडरले म्हणून मागवाव्या लागतात, आणि त्या येतात करड्या, अर्ध्या शाईत.

ताई : मग सुरी खाली घे की.

मी : घेतली. मग कड्याच गायब. अशा व्ह्यूत कापलेल्या पातळीवरून सॉफ्टवेअर खालीच बघतं. कड्या राहिल्या डोक्यावर.

ताई : ऑटोकॅड बरं मग. त्याला कशातलंच काही कळत नाही. तुम्ही जी रेघ ओढाल ती रेघ.

मी : ऑटोकॅडला कळत नाही हे खरं. पण रेव्हिटला कळतं असं वाटतं, तो धोका जास्त मोठा. माझी चूक सांगू?

ताई : सांग. चहा टाकते तोवर.

चूक अशी. दुमजली घर होतं, सव्वीस फूट रुंद, मधोमध स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा वेगळी करणारी भिंत. मॉडेल आर्किटेक्टच्या बाजूनं आलेलं. त्यांनी ती भिंत भिंतीच्या साध्या हत्यारानं काढली होती. रेव्हिट अशा भिंतीला आपोआप बिनओझ्याची समजतं. मी फ्रेमिंगचा व्ह्यू उघडला आणि त्याची डिसिप्लिन स्ट्रक्चरल केली, शिस्तीत. त्या सेटिंगचं कामच असं की बिनओझ्याच्या भिंती लपवायच्या. भिंत पुसली गेली नव्हती, फक्त दिसेनाशी झाली. माझ्या शेजारच्या मुलीनं बाहेरच्या दोन भिंतींमध्ये कड्या टाकायला सांगितल्या, सॉफ्टवेअरनं निमूटपणे सव्वीस फुटी कड्या टाकल्या. दोन बाय दहाच्या.

दोन बाय दहा म्हणजे नावालाच दोन बाय दहा. रंधून वाळवून हातात येते ती दीड बाय सव्वानऊ इंचांची. लाकडाच्या जातीप्रमाणे अशी कडी सोळा इंचांवर ठेवली तर चौदा-सोळा फुटांपर्यंत पोचते. सव्वीस फुटांना ती झोपाळ्यासारखी वाकेल. ड्रॉइंग तपासणाऱ्यानं एकच शेरा लिहिला: एवढी लांब कडी कुठं मिळते, पत्ता कळवा. ऑफिसात तो शेरा बरेच दिवस फिरत होता.

ताई : (आतून) भिंत दिसली असती तर?

मी : तर ती मुलगी तिथं थांबली असती. कुणीही थांबतं. माणूस प्लॅन वाचताना आधी भिंत शोधतो, मग आपण कुठल्या खोलीत आहोत ते ठरवतो, मग बाकीचं. भिंती फिक्या केल्या की त्याला पत्ताच उरत नाही.

ताई : हे मात्र मला मान्य नाही. पत्ता ग्रिडवर असतो. ए, बी, सी आणि एक, दोन, तीन. बीमला नंबर असतो. सेंट्रिंगवाला स्वयंपाकघर बघत नाही, बी-१७ बघतो.

मी : लाकडी घरात ग्रिड नसतं, ताई. सुताराकडे टेप असतो आणि भिंतीची कड असते.

ताई चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोणच्याची बरणी उचलली आणि त्या कोपऱ्यावर कप ठेवला. आजही त्या कागदावर गोल डाग आहे, नेमका जिन्याच्या तोंडाशी.

ताई : आता माझी चूक ऐक, म्हणजे तुला वाटायला नको की आमचंच शहाणपण. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक्सरेफ स्क्रीनवर फिका दिसत होता. त्याचं एक फेडचं सेटिंग असतं.

मी : एक्सडीडब्ल्यूजीफेडसीटीएल.

ताई : तेच ते, तोंडात मारल्यासारखं नाव. मुलांना वाटलं, स्क्रीनवर फिकं म्हणजे कागदावरही फिकं. ते सेटिंग फक्त डोळ्यांना फसवतं. प्लॉटरला त्याचा पत्ता नसतो. शाई ठरते ती प्लॉट स्टाइलमधून, आणि तिथं कुणी हात लावला नव्हता. कागद आला तर सगळंच काळं. दोनशे तीसचा बीम, त्यावर दीडशेची भिंत. बीमच्या रेघा तुटक, भिंतीच्या अखंड. सेंट्रिंगवाल्यानं काय केलं असेल?

मी : अखंड रेघ धरली.

ताई : अखंड रेघ ही खरी वस्तू, तुटक रेघ ही काहीतरी लपलेली, इतकं त्याला कळतं आणि ते बरोबरच आहे. त्यानं भिंतीच्या मधोमध बीमचा मध्य धरला. आमच्या हिशेबात बीमची बाहेरची कड भिंतीच्या बाहेरच्या कडेशी जुळवायची होती. चाळीस मिलिमीटर सरकला. तळाच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, सळई अजून बांधली नव्हती म्हणून वाचलो. मुकादम मला म्हणाला, मॅडम, तुमच्या कागदावर दोन बीम आहेत, कुठला खरा ते सांगा.

मी : म्हणजे भिंत दाखवल्यानं घोटाळा झाला.

ताई : भिंत वाईट दाखवल्यानं झाला. फरक आहे.

मी : हेच तर मी मघापासून म्हणतोय!

ताई : तू म्हणतोयस जास्त दाखव. मी म्हणते कमी दाखव. आपण एकच बोलत नाही आहोत.

इथं मी तिच्याच पुस्तकातलं पान काढलं. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० मध्ये, २०१६ च्या आवृत्तीत, बीमची रुंदी दोनशे मिलिमीटरच्या खाली घेऊ नये असं आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या बऱ्याच भिंती दीडशेच्या. म्हणजे दीडशेच्या भिंतीतून दोनशेचा बीम डोकावणारच. पन्नास मिलिमीटर कुठं तरी बाहेर. बेडरूममध्ये डोकावला तर कपाटाच्या वर कंगोरा दिसतो, घरमालक ओरडतो. पॅसेजमध्ये डोकावला तर कुणी बघत नाही. पुण्यातल्या आर्किटेक्टांची आणि ताईसारख्यांची यावरून रोज जुंपते.

मी : तो बीम कुठल्या बाजूला भिंतीशी जुळवायचा हे भिंत न बघता तू कशी ठरवतेस?

ताई : ठरवत नाही. आर्किटेक्टला फोन लावते.

मी : आणि तो कुठली भिंत सांगतो? वरची की खालची?

ताई गप्प झाली. मला इतका आनंद झाला की मी बिस्किट चहात जास्त वेळ बुडवलं आणि ते तुटून कपाच्या तळाशी गेलं.

ताई : खालची. कंगोरा खालच्या खोलीतून दिसतो.

मी : आणि वजन?

ताई : वरच्या भिंतीचं. बरं, मान्य. आमच्याही प्लॅनवर दोन वेगवेगळ्या भिंती असतात. बहुतेक इमारतीत मजले सारखे म्हणून त्या एकमेकींवर पडतात आणि आपल्याला वाटतं भिंत एकच आहे. खाली दुकानं आणि वर फ्लॅट असले की मग डोकं धरून बसायचं.

मी : लाकडी घरात रोजच तसं. तिकडच्या घरबांधणीच्या नियमांत एक कलम आहे. कड्यांना आडवी जाणारी आधाराची भिंत वर असेल, तर ती खालच्या आधारापासून कडीच्या उंचीपेक्षा जास्त सरकलेली चालत नाही. चालवायची असेल तर कडी मोठी घ्यायची. म्हणजे सव्वानऊ इंचांच्या कडीला सव्वानऊ इंचांची सूट. आता हे तपासायला दोन्ही भिंती एकाच कागदावर लागतात.

ताई : तपासायला लागतात, बांधायला नाही. तपासताना स्क्रीनवर बघा, लाल-निळं काय हवं ते करा. साइटवर जाणाऱ्या कागदावर फक्त आधाराच्या भिंती. वरच्या भिंती उडवून टाक. पटलं?

मी : नाही. कमोड.

ताई : काय?

मी : तिकडे कमोडचं भोक मागच्या भिंतीच्या तयार पृष्ठभागापासून साधारण बारा इंचांवर येतं. बाथरूमची भिंत बिनओझ्याची, कागदाच्या हिशेबात कुणीच नव्हे. पण ती दिसली नाही तर कडी बरोबर त्या भोकाखाली येते. मग प्लंबर करवत काढतो. कडीला कापलेलं बघून इन्स्पेक्टर काम थांबवतो. ती कडी आधीच तीन इंच सरकवली असती तर सगळं सुटलं असतं.

ताई : तुमच्याकडे स्लॅब खाली सोडत नाहीत का संडासात?

मी : लाकूड कसं खाली सोडणार? पाइप कड्यांच्या मधूनच जातो.

ती हसली. तिच्या सगळ्या आयुष्यात संडास म्हणजे संक स्लॅब, एक फूट खाली, वर विटांचे तुकडे भरलेले. पाइपसाठी कडी सरकवायची ही कल्पनाच तिला मजेशीर वाटली.

ताई : बरं. मग दाखवायच्या कशा, ते बोल. तुटक रेघ चालणार नाही, ती बीमनं आधीच घेतलीय.

मी : करडा रंग?

ताई : करडा रंग म्हणजे ठिपके. प्लॉटरवर छान दिसतो. साइटवर कोण प्लॉट नेतं? ए-थ्रीवर छोटा करून झेरॉक्स, त्याची झेरॉक्स, मग तिचा मोबाइलवर फोटो. ए-वनचा ए-थ्री केला की रेघ निम्मी होते. शून्य पॉइंट पस्तीसची शून्य पॉइंट अठरा. ठिपक्यांचं काय, एकतर उडून जातात नाहीतर चिखल होतो.

मी : मग तिरप्या रेघांचा हॅच. भिंतीच्या पोटात, विरळ. आधाराच्या, म्हणजे खालच्या भिंतींना फक्त. वरच्या भिंतींना नुसती बारीक कड.

ताई : आणि भिंत किती जाडीची काढतोस? प्लास्टरसकट?

मी : हा प्रश्न तूच विचारणार हे माहीत होतं. प्लास्टर नाही तिकडे, अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड असतो दोन्ही बाजूंना. साडेतीन इंचांचा स्टड बोर्ड धरून साडेचार होतो. फ्रेमिंग करणारा सुतार येतो तेव्हा बोर्ड लागलेलाच नसतो. त्याला साडेतीनच दिसायला हवी. आर्किकॅडमध्ये नुसता भिंतीचा गाभा दाखवायची सोय आहे, चीफ आर्किटेक्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मुख्य थर दाखवणारा वेगळा लेयरच आहे. आमच्या बहुतेक फाइलींत मात्र अख्खी भिंत येते, आणि सुतार दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच मनात वजा करतो. एखाद्या दिवशी विसरतो.

ताई : सॉफ्टवेअर कापलंय काय ते दाखवतं. कशावर काय टेकलंय ते दाखवायला माणूसच लागतो.

हे वाक्य तिनं इतक्या सहज टाकलं की मला ते नंतर घरी गेल्यावर आठवलं. त्या क्षणी ती पेन्सिल घेऊन माझ्या आधाराच्या भिंतींत तिरप्या रेघा मारत होती, हातानं, पट्टी न लावता, अगदी सारख्या अंतरावर. ट्रेसिंग पेपरवरच्या जुन्या सवयी जात नाहीत. आठ-दहा भिंती भरून झाल्यावर प्लॅन अचानक वाचता यायला लागला: कड्या कुठून निघतात, कुठं टेकतात, सगळं. वरच्या भिंती बारीक रेघांत मागे सरल्या.

ताई : आता परीक्षा. चल खाली.

तिच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं आधी त्या मोठ्या कागदाचा फोटो काढून ए-थ्रीवर छापून घेतला, त्याची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. ताईनं तिसरा कागद उजेडात धरला. हॅच मारलेल्या भिंती शाबूत होत्या. तुटक बीम थोडे भरड झाले होते पण ओळखू येत होते. वरच्या मजल्याच्या बारीक कडा जवळपास सगळ्या गेल्या होत्या.

मी : बघ, तुझ्या मनासारखं झालं. वरच्या भिंती उडाल्या.

ताई काही बोलली नाही. बाथरूमच्या जागी बोट ठेवून ती कागद जवळ नेत होती, लांब धरत होती.

ताई : यातलं ते कमोडचं भोक कुठल्या भिंतीपासून बारा इंच म्हणालास?

मी कागद हातात घेतला. तिथं दोन कड्या होत्या, मधे मोकळी जागा होती, आणि भिंत नव्हती.

दुकानदार मशीनचं झाकण उघडं धरून आमच्याकडे बघत होता. "अजून थोडी डार्क काढून देऊ का?" त्यानं विचारलं.